भरली मिरची : नाव कुणाचं, सारण कुणाचं?



आजचा विषय कळल्यावर एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला विचारलं, "अहो, इतिहासाचं व्याख्यान म्हणता आणि विषय भरली मिरची? मग श्रोत्यांनी टाळ्या वाजवायच्या की ताटं मांडायची?" (हशा) प्रश्न रास्त आहे. पण बुधवारी गंगेवरच्या बाजारात जाऊन बघा. एका बाजूला हिरवीगार लवंगी मिरची, दुसऱ्या बाजूला ढोबळी, मध्ये भजीसाठी ठेवलेली पोपटी, जाड सालीची मिरची. बाया हातात घेऊन, देठ बघून, मोडून बघून घेतात. त्यातल्या एकीलाही जर म्हटलं, "मावशी, ही मिरची परदेशी बरं का," तर ती आपल्याला वेड्यात काढील. तिचं बरोबर आहे आणि आपलंही चूक नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घेण्यासाठी आज आपण जमलो आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. मिरची हा शब्द कानाला इतका आपला वाटतो की त्याच्या उगमाची शंकासुद्धा येत नाही. आणि शब्द खरोखरच आपला आहे. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळी मिरी. त्यावरून प्राकृतातून येत येत आपले मिरे आणि मिरी झाले, आणि त्याच घराण्यातून मिरची. म्हणजे बघा, वस्तू नवी आली आणि तिला नाव दिलं ते जुन्या वस्तूचं.

हे फक्त मराठीत झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण शेजारपाजारी डोकावून बघा. गुजरातीत मरी म्हणजे मिरी आणि मरचुं म्हणजे मिरची. कन्नडात मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची. काई म्हणजे कच्चं फळ. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय, तीच जोडी. आपल्या कोकणात आणि गोव्यात मिरचीला मिरसांग म्हणतात. सांग म्हणजे शेंग, मिऱ्याची शेंग. एवढ्या भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच उत्तराला पोचल्या : ही नवी वस्तू म्हणजे शेंगेतली मिरी. बंगालीत मात्र तिला लंका म्हणतात. म्हणजे समुद्रापलीकडून आलेली. बंगाल्यांनी पाहुणीचं गाव लक्षात ठेवलं, आपण तिचं काम लक्षात ठेवलं.

युरोपातही तेच झालं. कोलंबस १४९२ साली निघाला तो मुळात मसाल्यांच्या शोधात. कॅरिबियन बेटांवर त्याला ही लाल शेंग दिसली. तिथले लोक तिला अही म्हणत. जानेवारी १४९३ मध्ये त्याने आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली ती 'इथली मिरी' म्हणून. स्पॅनिशमध्ये काळी मिरी ती पिमिएन्ता आणि ही नवी ती पिमिएन्तो. इंग्रजांनी तर एवढाही फरक केला नाही; दोन्हींना पेपर. आणि गंमत पुढेच आहे. लिओनहार्ट फुक्स नावाच्या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने १५४२ साली आपला मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्यात मिरचीची चित्रं आहेत आणि तिला म्हटलंय कालिकतची मिरी. म्हणजे जर्मनीतला विद्वान समजत होता की मिरची हिंदुस्थानातून आली! आपण म्हणतो ती तिकडची, ते म्हणत होते ती इकडची. जिथे गेली तिथे ती दुसऱ्याच्या नावाने ओळखली गेली.

मग तिचं स्वतःचं नाव काय? मेक्सिकोत नावातल भाषा बोलणारे लोक तिला 'चिल्ली' म्हणत. आजही ती भाषा लाखो लोक बोलतात. अलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन साधूने १५७१ साली या भाषेचा कोश छापला, त्यात हा शब्द आहे. त्यावरून स्पॅनिश 'चिले', आणि त्यावरून इंग्रजी 'चिली'. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाशी या शब्दाचा काही संबंध नाही. नावं सारखी, गोत्र वेगळं. मेक्सिकोतले लोक सहा हजार वर्षांहून अधिक काळ मिरची पिकवतात. तेव्हा घराणं बघायचं तर ते तिकडचं, याबद्दल शंका नको.

आपल्याकडे ती आणली पोर्तुगीजांनी. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला, १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतलं. पुढे चौल, वसई ही आपल्याच किनाऱ्यावरची ठाणी त्यांच्याकडे आली. वसई तर १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत, त्यांच्याकडे होती. पोर्तुगीजांची जहाजं ब्राझील, आफ्रिका, गोवा अशी ये-जा करत. त्या वाटेने मिरची उतरली. १४९८ च्या आधी ती हिंदुस्थानात नव्हती.

उतरली, पण पसरली का? हा खरा प्रश्न आहे. तर मिरी आणि मिरची यांची शेतकऱ्याच्या नजरेने तुलना करा. मिरीचा वेल. त्याला सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा पाऊस, सावली आणि आधाराला झाड लागतं. पीक यायला काही वर्षं जातात. देशावरच्या माणसाला मिरी म्हणजे विकत घ्यायची वस्तू, आणि तीही तोलूनमापून. मिरचीचं तसं नाही. एका वाळलेल्या मिरचीच्या बियांत अख्खा वाफा होतो. परसात लावा, बांधावर लावा, तीन-चार महिन्यांत तोडणी. वाळवली की वर्षभर टिकते. ज्याच्याकडे भाकरीशिवाय दुसरं काही नाही, त्याच्या भाकरीला चव आली ती मिरचीने. ठेचा म्हणजे दुसरं काय? मिरची, लसूण, मीठ आणि दगड. काळी मिरी ही सावकाराची होती, मिरची ही कुळाची झाली.

याचा पुरावा आपल्या तोंडातच आहे. 'तिखट' हे मुळात विशेषण. तीक्ष्ण या शब्दाच्या घरातलं. आता स्वयंपाकघरात "तिखटाचा डबा दे" म्हटलं की काय पुढे येतं? लाल मिरचीची पूड. मिरी नाही, आलं नाही, मोहरी नाही. मिरचीने आधी मिरीचं नाव घेतलं आणि मग चवीचंच नाव घेतलं. बाहेरून आलेल्या वस्तूला याहून मोठा मान भाषा देऊ शकत नाही.

आता एका नाजूक मुद्द्याकडे येऊ. असं काही बोललं की वारकरी मंडळींपैकी कुणीतरी उभं राहतंच आणि विचारतं, "मग सावता महाराजांच्या अभंगात मिरची कशी?" प्रश्न अगदी नेमका आहे. संत सावता माळी हे अरणचे, आजच्या सोलापूर जिल्ह्यातले. ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन, १२९५ साली समाधिस्थ झाले. आपल्या मळ्यातल्या भाज्यांतच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग महाराष्ट्रात लहान पोरालाही पाठ आहे, आणि त्यात इतर भाज्यांबरोबर मिरचीचंही नाव येतं. आणि वास्को द गामा यायला तर अजून दोनशे वर्षं होती.

यावर दोन उत्तरं दिली जातात. एक, तिथे मिरची म्हणजे मिरीच समजायची. ऐकायला बरं वाटतं, पण अरणच्या कोरड्या मळ्यात मिरीचा वेल येत नाही, आणि माळी आपल्या मळ्यात नसलेलं पीक कशाला मोजील? दुसरं उत्तर आम्हाला अधिक पटतं. अभंग शेकडो वर्षं तोंडी गायला गेला. गाणाऱ्यांच्या मळ्यात जे आलं ते अभंगातही आलं. लसूण, कोथिंबीर म्हटल्यावर माळ्याच्या जिभेवर तिसरं नाव आपसूक मिरचीचंच येणार.

काहींना वाटतं, असं म्हटल्याने अभंगाला उणेपणा येतो. आम्हाला उलट वाटतं. वहीत बंद राहिलेली ओळ बदलत नाही. रोज म्हटली जाते तीच ओळ आपल्याबरोबर चालते. सावता महाराजांचं सांगणं काय होतं? माझ्या मळ्यात जे आहे त्यात देव आहे. मळ्यात पुढे मिरची आली, तर गाणाऱ्यांनी तिच्यातही देव बघितला. सांगणं तेच राहिलं. इतिहास आणि भक्ती यांचं इथे भांडण लावायचं कारण नाही. मात्र उद्या कुणी हाच अभंग दाखवून "मिरची तेराव्या शतकापासून आपलीच" असं म्हणायला लागलं, तर तिथे इतिहासाने नम्रपणे हात वर केला पाहिजे.

नावाचं झालं, आता सारणाकडे येऊ. आणि त्यासाठी मेक्सिकोला जाऊन येऊ.

मेक्सिकोत घरोघरी, खाणावळींत एक पदार्थ मिळतो : चिले रेयेनो. शब्दशः, भरलेली मिरची. पुएब्ला गावावरून जिचं नाव पडलं ती पोब्लानो मिरची घ्यायची. गडद हिरवी, रुंद खांद्याची, बेताची तिखट. आपण वांगं भाजतो तशी ती जाळावर साल काळी होईपर्यंत भाजायची. मग झाकून ठेवायची, म्हणजे वाफेने साल सुटते. साल काढायची, उभी चीर द्यायची, आतल्या बिया आणि पांढऱ्या शिरा काढायच्या. लक्षात घ्या, मिरचीचा जाळ मुख्यतः त्या पांढऱ्या भागात असतो. बियांवर आळ उगाच येतो. मग आत चीज किंवा बेदाणे-बदाम घातलेला खिमा भरायचा. अंड्याचा पांढरा भाग फेसून त्यात बलक मिसळायचा, त्यात मिरची बुडवायची, तळायची आणि टोमॅटोच्या पातळ रश्श्यात सोडायची. देठ तसाच ठेवतात. आपणही ठेवतो.

आता या पदार्थाची झडती घेऊ. मिरची तिथली, टोमॅटो तिथला. पण चीज? स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत गाय नव्हती. डुक्कर नव्हतं, कोंबडी नव्हती, टर्की होती. बदाम नव्हते, बेदाणे नव्हते. चरबीत तळण्याची रीतही त्यांच्याबरोबरच आली. कोर्तेसने १५२१ च्या ऑगस्टमध्ये तेनोच्तित्लान जिंकलं, त्यानंतर हे सगळं जहाजातून उतरलं. म्हणजे मेक्सिकोच्या भरल्या मिरचीत मिरची घरची आणि सारण परदेशी.

पुएब्लाचाच एक थाटाचा प्रकार आहे, चिलेस एन नोगादा. ऑगस्ट-सप्टेंबरात करतात. भरलेली हिरवी मिरची, वर अक्रोडाचा पांढरा दाट रस आणि त्यावर डाळिंबाचे लाल दाणे. हिरवा, पांढरा, लाल : मेक्सिकोच्या झेंड्याचे रंग. १८२१ साली, स्पेनपासून स्वातंत्र्य मिळताना, पुएब्लाच्या मठातल्या जोगिणींनी सेनापती इतुर्बिदे यांच्यासाठी तो पहिल्यांदा केला अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकायची. पण दाण्यांकडे बघा. डाळिंब मूळचं इराणच्या बाजूचं. तिथून ते पश्चिमेला स्पेनमार्गे मेक्सिकोत गेलं आणि पूर्वेला आपल्याकडे आलं. आज आपल्या कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात त्याच्या बागा आहेत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय ताटातला लाल रंग आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला घरचा वाटावा असा आहे.

रेयेनो या शब्दावरही क्षणभर थांबू. स्पॅनिशमध्ये येनो म्हणजे भरलेलं. तो आला लॅटिनच्या प्लेनुस या शब्दावरून. आणि लॅटिनचा प्लेनुस व संस्कृतचा पूर्ण हे सख्खे भाऊ; एकाच मूळ धातूपासून निघालेले. संस्कृतात त्याच घराण्यातला पूरण, म्हणजे भरणं, आणि त्यावरून आपलं पुरण. पुरणपोळीतलं पुरण! तेव्हा मेक्सिकोचा रेयेनो आणि होळीचं पुरण हे भाषेच्या नात्याने चुलत भाऊ लागतात. मिरचीचं नाव आपण उसनं दिलं, पण भरण्याचं नाव दोन्हीकडे एकाच आजीचं निघालं.

आणि भरण्याची कला तर आपल्याकडे मिरचीच्या कितीतरी आधीची. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या भोजनाचा मोठा भाग आहे. मांडे आहेत, हिंग आहे, मिरी आहे. वांगं कोरून त्यात खिमा भरून तळायची कृतीही आहे. मिरची कुठेच नाही, असणं शक्यच नाही. पण साचा तयार होता : फळ पोकळ करा, मसाल्याचं सारण भरा, तेलात शिजवा. चारशे वर्षांनी मिरची आली आणि वांग्याच्या शेजारी, त्याच साच्यात जाऊन बसली.

म्हणजे आपल्याकडे उलटं झालं. मेक्सिकोत मिरची यजमान होती आणि सारण पाहुणं. आपल्याकडे सारण यजमान होतं आणि मिरची पाहुणी. दोन्हीकडे पदार्थाचं नाव एकच : भरलेली मिरची.

या दोन टोकांच्या मधलं गाव म्हणजे गोवा. तिथे बांगड्याला उभी चीर देऊन त्यात लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर घालून वाटलेला मसाला भरतात. त्याला म्हणतात रेशाद. हा पोर्तुगीज शब्द, रेशेआदो, अर्थ पुन्हा तोच : भरलेला. पण गोव्यात हळूहळू त्या मसाल्यालाच रेशाद म्हणायला लागले. आता कोळंबीही रेशाद होते, जिच्यात काही भरलेलं नसतं. मेक्सिकोत मिरचीच्या पोटात सारण गेलं, गोव्यात मिरची स्वतःच सारण झाली.

आता आपल्या घरी येऊ. ढोबळी मिरचीत आपण काय भरतो? परतलेलं बेसन, नाहीतर उकडलेला बटाटा, दाण्याचा कूट, खोबरं, गोडा मसाला. तिचं नावही बघा. हिंदीत शिमला, म्हणजे साहेबाच्या थंड हवेच्या गावावरून. आपण आकार बघितला आणि म्हटलं भोपळी किंवा ढोबळी.

पण आम्हाला विचाराल तर आपली खरी भरली मिरची ही उन्हाळ्यातली. सांडगी मिरची. चैत्र-वैशाखात कुरडया-पापडांच्या शेजारी गच्चीवर जी वाळत पडते ती. जाड मिरच्या धुऊन पुसून घ्यायच्या, देठ ठेवायचा, उभी चीर द्यायची. धने, मेथी, जिरं, हिंग, मीठ यांची भरड दह्यात किंवा लिंबाच्या रसात कालवून भरायची. मग चार-सहा कडक उन्हं. वाळून खडखडीत झाल्या की डब्यात. पावसाळ्यात भाजी नसेल त्या दिवशी तळायची आणि खिचडीबरोबर, दहीभाताबरोबर खायची. तळताना धरायला देठ कामी येतो. अंडं नाही, चीज नाही. ऊन, मीठ आणि आंबटपणा. वर्षाचं गणित ज्या बायांना डोक्यात ठेवावं लागत होतं, त्यांनी ही कृती बसवली.

शेवटचा मुद्दा उपवासाचा. प्राचीन मेक्सिकोत, अ‍ॅझ्टेकांच्या राज्यात, उपवास म्हणजे मीठ आणि मिरची सोडणं. मिरची सोडली की जेवण सोडल्यासारखंच. आपल्याकडे? एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत मिरची, दाण्याचा कूट, बटाटा. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. ही चारही पिकं अमेरिकेतली! आपला सगळ्यांत सोवळा दिवस, आणि ताट सगळ्यांत परदेशी. असं का झालं? जुन्या शास्त्राने जे वर्ज्य सांगितलं त्यात यांची नावं नव्हती, कारण ती इथे नव्हतीच. नाव नाही म्हणून मनाई नाही, असा अर्थ आपण लावला. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात मात्र आजही मिरची, बटाटा, टोमॅटो चालत नाही, तिखटपणा मिरीचा. तिथे अर्थ उलटा लावला : नाव नाही म्हणून प्रवेश नाही. शास्त्र दोन्हीकडे गप्पच होतं. निर्णय माणसांनी घेतला.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. बाजारातल्या त्या मावशींचं बरोबर का? कारण एखादी वस्तू आपली होते ती उगमाने नव्हे. तिला आपण नाव दिलं, तिच्यासाठी परसात जागा केली, तिच्यात आपलं सारण भरलं, देवाच्या गाण्यात तिला बसवलं, म्हणून ती आपली. आणि आमचंही बरोबर का? कारण हे सगळं कधीतरी, कुणीतरी केलं, हे विसरलं तर आपण परंपरेला डोंगरासारखी आपोआप उभी राहिलेली समजू, आणि मग नव्या वस्तूला, नव्या माणसालाही दार उघडणार नाही. पाचशे वर्षांपूर्वी कुठल्या तरी बाईने ती अनोळखी लाल शेंग हातात घेतली, मोडली, चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी टाकली नाही. आपलं ताट तिच्या त्या धाडसावर उभं आहे.

जाता जाता एक विनंती. घरी आई, आजी, मामी, आत्या असतील, त्यांना त्यांच्या भरल्या मिरचीचं सारण विचारा आणि लिहून ठेवा. धने किती, मेथी किती, दही की लिंबू, किती उन्हं. आणि हे त्या कुणाकडून शिकल्या, तेही विचारा. मोलिनाने चिल्ली हा शब्द लिहून ठेवला म्हणून आज आपण तो वाचतो. आपल्या घरातली भरड मात्र अजून कुणाच्या कोशात गेलेली नाही.